साठ हजारांत पहिला गेमिंग पीसी: काय घ्यायचं, कुठून घ्यायचं आणि घरी कसा जोडायचा

दुकानात जाऊन ‘गेमिंगचा पीसी पाहिजे’ एवढंच सांगितलं, की पाच मिनिटांत कोटेशन हातात पडतं. आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, समोर काच आणि तीन रंगीत पंख्यांचं कॅबिनेट. आकडे भारदस्त आणि किंमत मात्र आश्चर्य वाटावं इतकी कमी. आता तेच कोटेशन जरा नीट वाचा. आय ७ च्या पुढे ३७७० असा आकडा असेल, तर तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) कुठल्या कंपनीचा ते लिहिलेलंच नाही. ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणजे बहुतेक वेळा जीटी ७३०. त्यात मेमरी ४ जीबी असेलही, पण ताकद इतकी तुटपुंजी, की आजच्या साध्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्ससुद्धा त्याला मागे टाकतं.

म्हणून पहिला नियम असा: जिथे पूर्ण मॉडेल नंबर नाही, तिथे पैसे द्यायचे नाहीत. ‘आय ५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ याला कॉन्फिगरेशन म्हणत नाहीत. खाली मी प्रत्येक भागाचं नाव घेऊन सांगणार आहे. हिशेब ६०,००० रुपयांच्या आसपासचा धरलाय, मॉनिटर-कीबोर्ड-माऊस वगळून. किमती आठवड्याला हलतात, त्यामुळे माझे आकडे दर म्हणून वाचू नका. प्रत्येक भागावर साधारण किती घालायचे, याची ती मर्यादा आहे.

आधी स्क्रीन ठरवा

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. सुरुवात मॉनिटरपासून करायची, कारण कार्डाला किती काम पडणार हे मॉनिटर ठरवतो. १९२० बाय १०८० म्हणजे १०८०पी स्क्रीनवर एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. १४४०पीला ते ३६ लाख ८६ हजार होतात, म्हणजे कार्डावरचा बोजा पाऊणपट वाढतो. साठ हजारांत १०८०पीच धरायचं, त्यात कमीपणा काही नाही. २४ इंची, आयपीएस पॅनेल, निदान १०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा), जमल्यास १४४ किंवा त्याहून जास्त. व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळणाऱ्याला ६० आणि १४४ हर्ट्झमधला फरक पहिल्याच दिवशी कळतो. गोष्टीचे मोठमोठे गेम निवांत खेळणाऱ्याला तो तितका टोचत नाही.

दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारायचा: खेळणार काय? फक्त व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ एवढ्यावर समाधान असेल, तर साठ हजारांची गरजच नाही. रायझन ५ ५६००जी सारखा अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम घेतली, की कमी-मध्यम सेटिंगवर हे तिन्ही चालतात. कार्ड नंतर टाकता येतं. मात्र ‘पुढच्या दिवाळीला कार्ड घेणारच’ असं ठाम असेल, तर ५६००जी घेऊ नका. त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी, आणि पुढे कार्ड लावल्यावर हा फरक फ्रेम्समध्ये दिसतो. शिवाय कार्ड ज्या मार्गाने बोर्डाशी बोलतं त्या पीसीआयईच्या ३.० या जुन्या पिढीवरच ५६००जी अडतो. तेवढे महिने थांबून एकदम साधा ५६०० आणि कार्ड घेणं शहाणपणाचं.

पैसा कार्डात जातो

गेमिंग पीसीच्या बजेटचा ३५ ते ४० टक्के भाग एकट्या ग्राफिक कार्डाचा. साठ हजारांत ते २१ ते २४ हजार झाले. बाकीची सगळी यादी या एका ओळीला सांभाळून बसवायची.

या पट्ट्यात बरीच वर्षं हमखास नाव होतं ते एएमडीच्या आरएक्स ६६०० चं. ८ जीबी मेमरी, फक्त १३२ वॅट आणि १०८०पीला पुरून उरणारी ताकद. २०२१ चं कार्ड आहे, त्यामुळे मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर हळहळायचं कारण नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०५०, इंटेलचं आर्क बी५७० किंवा बी५८०, एएमडीचं आरएक्स ७६०० यांपैकी त्या आठवड्यात जे बजेटात बसेल ते बघा. आर्क कार्ड घेणार असाल, तर रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) चालणारा बोर्ड आणि प्रोसेसर हवाच. त्याशिवाय ते कार्ड लंगडतं. रायझन ५६०० वर तो चालतो.

नावात फसवणारी कार्डं वेगळी लक्षात ठेवा. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबीचं एक आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं दुसरं अशी कार्डं विकली जातात. ६ जीबीवाल्यात फक्त मेमरी कमी नाही, आतली चिपसुद्धा कापलेली आहे. त्याचा एक गुण मात्र खरा: ७० वॅटचं असल्यामुळे त्याला एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर लागत नाही, म्हणून ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड पीसीत टाकायला ते बरं. नव्या पीसीसाठी नको. आरएक्स ६५०० एक्सटी तर टाळाच. ते बोर्डाशी फक्त ४ लेननी बोलतं, आणि पीसीआयई ३.० च्या बोर्डावर बसवलं की आणखी मागे पडतं.

८ जीबी मेमरी पुरेल का? आज १०८०पीला मध्यम ते हाय सेटिंगवर पुरते. नव्या गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.

प्रोसेसर आणि बोर्ड

या बजेटात दोनच वाटा. एक, एएमडीचा एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा): रायझन ५ ५६००, ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, खोक्यात कूलर सोबत. दुसरी, इंटेलचा एलजीए १७००: आय ५ १२४००एफ, तोही ६ कोअर, १२ थ्रेड. जो स्वस्त मिळेल तो घ्या. खेळताना दोघांमधला फरक शोधत बसावा लागतो. अगदीच ओढाताण असेल तर आय ३ १२१००एफ, ४ कोअर ८ थ्रेड, अजूनही अंग झाडून काम करतो. नावातल्या ‘एफ’चा अर्थ एवढाच, की त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं, तर तेवढे दिवस पीसी आंधळा.

एएम५ चं काय? बजेट ऐंशी हजारांकडे जात असेल तर जरूर घ्या. एएमडीने त्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय. पण त्याला डीडीआर५ रॅम सक्तीची आहे, बोर्डही महाग, आणि साठ हजारांत ते पैसे शेवटी कार्डातूनच कापले जातात. तीन वर्षांनी करायच्या अपग्रेडसाठी आजची तीन वर्षं कमकुवत कार्डावर काढणं मला तरी पटत नाही.

बोर्ड ५६०० साठी बी५५०, तंगी असेल तर बी४५०. फरक मुख्यतः पीसीआयई ४.० आणि ३.० चा. रॅमचे चार स्लॉट असले तर बरं, दोनवर अडत नाही. बी४५० जुन्या स्टॉकमधला असेल, तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून द्यायला दुकानदाराला बिल करण्याआधीच सांगा. नाहीतर घरी आल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. वाय-फाय पाहिजे असेल तर बोर्डाच्या नावात ते लिहिलेलं असतं. नसेल तर यूएसबीचा डोंगल लागेल.

रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी, डीडीआर४ ३२००, आणि ८-८ च्या दोन काड्या. एकच १६ ची काडी लावली की मेमरी एकेरी चॅनेलवर चालते आणि फ्रेम्स खाली येतात. अंगच्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर हा फरक फार जाणवतो. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत दिसणाऱ्या किमती त्यामुळे विसरा. ऐपतीबाहेर गेलं, तर जुन्या बाजारात घ्यायला सगळ्यात निर्धोक भाग रॅमच. तिच्यात झिजण्यासारखं काही नाही, आणि बिघडलेली असेल तर एका रात्रीच्या टेस्टमध्ये कळतं.

एसएसडी एम.२ एनव्हीएमई घ्या. ५०० जीबीत चार मोठे गेम आले की जागा संपते, म्हणून १ टीबी. एम.२ या आकारात साटा एसएसडीसुद्धा येतात, दिसायला जवळपास तशाच आणि वेगाने कित्येक पट मंद. खोक्यावर एनव्हीएमई लिहिलंय का, ते बघून घ्या. जेन ३ की जेन ४ यात गेमिंगपुरता जीव टाकू नका.

एसएमपीएस: इथे काटकसर नाही

कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा ४५० वॅटचा एसएमपीएस हातात घेऊन बघा. वजनातच कळतं. आत तांबं कमी, संरक्षणाची सर्किटं बेताची, आणि ४५० चा आकडा स्टिकरपुरता. तो मेला तर एकटा मरेलच असं नाही, बोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जाऊ शकतो.

किती वॅट लागतात याचा हिशेब सोपा आहे. ५६०० ताणात ७५ ते ९० वॅट खातो, आरएक्स ६६०० चे १३२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० धरा. पावणेतीनशेच्या आसपास झाले. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ घेतला की आजचं भागतं आणि पुढच्या कार्डालाही जागा राहते. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. संरक्षण चांगलं आहे की नाही हे तो सांगत नाही. म्हणून कंपनी आणि वॉरंटीची वर्षं दोन्ही बघा. ज्याला पाच वर्षांची वॉरंटी आहे, त्याच्यावर बनवणाऱ्याचा स्वतःचा थोडा तरी भरवसा असतो. वायरी सुट्या होणारा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस घेतलात, तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: एका कंपनीच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत. टोक बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असते. चालू करताक्षणी एसएसडी किंवा बोर्ड जळतो.

आता घरच्या विजेचं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखा झिणझिण करंट लागतो, ही तक्रार जुन्या वाड्यांत, चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत हमखास ऐकू येते. पीसी खराब असतो असं नाही. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे कपॅसिटर असतात. ते थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतात, आणि तिन्ही पिनांच्या सॉकेटमागे अर्थची वायरच जोडलेली नसेल तर तो पत्र्यावर साठून राहतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात खुपसणं हा उपाय नव्हे.

यूपीएस शंभर टक्के गरजेचा आहे असं मी म्हणणार नाही, पण जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे तो हवाच. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मॉनिटर धरून तो कसाबसा पुरेल, ताणात शिट्ट्या मारेल. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. तो गेम पुरा करण्यासाठी नसतो. सेव्ह करून पीसी बंद करायला चार मिनिटं मिळाली, की त्याचं काम झालं.

कॅबिनेट

समोर जाळी असलेलं घ्या, काच नको. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीतली हवाच ४० अंशांवर असते. बाहेर दहा अंश वाढले की आतही साधारण तेवढेच वाढतात, आणि समोरून हवा आत न घेणाऱ्या कॅबिनेटात कार्ड गुदमरतं. समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुष्कळ. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटात मावणारी लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहिलेली असतात, ती ताडून बघा. मागचे स्लॉटचे पत्रे उघडे ठेवू नका. पाल आत शिरते. हे हसण्यावारी नेऊ नका, कोकणातल्या आणि गोव्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला विचारा.

खरेदी

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र लॅमिंग्टनच. दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. पण जायच्या आधी घरी बसून तीन-चार ऑनलाइन दुकानांतले भाव कागदावर उतरवा: प्राइमएबीजीबी, एमडी कॉम्प्युटर्स, वेदांत कॉम्प्युटर्स वगैरे. प्रत्येक भागासमोर दोन पर्याय लिहा. हा कागद हातात असला की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

काउंटरवर हमखास असं घडतं.

‘ते मॉडेल संपलं साहेब, हे घ्या, सेमच आहे.’

‘मॉडेल नंबर सांगा ना दादा, बघतो.’

आणि मग तिथेच उभं राहून फोनवर बघायचं. लाजायचं नाही. ‘सेमच’ या शब्दात ३२०० ची २६६६ रॅम आणि बी५५० चा ए५२० बोर्ड बसवायची सोय असते.

दुसरा संवाद बिलाचा. ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल.’ नको. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर लिहून घ्या. तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावर उभी असते. कार्ड भारतात अधिकृतपणे आलेलं आहे ना, हेही विचारा. दुबई-सिंगापूरहून कुणी आणलेल्या स्वस्त कार्डाला इथलं सर्व्हिस सेंटर उभं करत नाही. ‘ट्रे’ प्रोसेसर म्हणजे खोक्याशिवायचा, बहुतेक वेळा कूलरशिवाय, आणि वॉरंटी बऱ्याचदा दुकानदाराच्या शब्दावर. हजारभर रुपये वाचत असतील तर मी तो सोडून देईन.

जुनं कार्ड घ्यायचं असेल, तर ते चालू पीसीत लावलेलं बघितल्याशिवाय पैसे काढू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंख्यांचे बेअरिंग आणि मेमरी यांनी सोसलेलं असतं. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. बायोस बदलून मोठ्या कार्डाचं नाव चिकटवलेलं बनावट एनव्हिडिया कार्ड असेल, तर त्यात नावाच्या आधी फेक असं लिहून येतं. मग पंधरा मिनिटं एखादा गेम चालवायला सांगा आणि कान देऊन पंखे ऐका. जुना एसएमपीएस मात्र कुणी फुकट दिला तरी नको.

जोडणी

पहिल्यांदा जोडताना तीन-चार तास हाताशी ठेवा. मोठं टेबल, चांगला उजेड, टोकाला चुंबक असलेला फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर आणि सुटे स्क्रू ठेवायला दोन वाट्या. गालिच्यावर बसू नका. अधूनमधून उघड्या लोखंडी वस्तूला हात लावला, की अंगातली स्थिर वीज उतरते.

सगळं आधी कॅबिनेटबाहेर जोडायचं. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. सॉकेटची दांडी बाजूला ढकलून वर उचला. ५६०० च्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तसाच त्रिकोण सॉकेटवर. दोन्ही एका कोपऱ्यात आले की प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबायचा अजिबात नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये त्या सॉकेटात असतात. जिथे पिना, तिथे बोट नाही. इंटेलची दांडी दाबताना चांगलाच जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो. तो तसाच यायचा.

कूलरपाशी पहिल्यांदा जोडणारे अडतात. ५६०० सोबत येणाऱ्या कूलरला चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात. बोर्डावर मात्र प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्या दिसतात, आणि स्क्रू कुठे लावायचे ते कळत नाही. त्या पट्ट्या चार स्क्रू काढून बाजूला करायच्या. पण त्या धरून ठेवतात बोर्डाच्या मागची लोखंडी पट्टी. शेवटचा स्क्रू निघाला की ती पट्टी खालून निसटते. म्हणून स्क्रू काढण्याआधीच एका हाताने मागून ती दाबून धरा, किंवा खाली जाडसर पुस्तक सरकवा. मग कूलर सरळ खाली ठेवा, त्याच्या तळाला राखाडी थर्मल पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका. स्क्रू आवळताना समोरासमोरचे कोपरे घ्या: एकाला दोन फेरे, तिरक्या समोरच्याला दोन फेरे, मग उरलेले दोन, आणि पुन्हा पहिला. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला, तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला सरकते. पंख्याची वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर.

रॅम चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबा, ‘खट्’ आवाज यायला हवा. इथे थोडा धीट जोर लागतो. एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि टोकाला तो मुंगीएवढा स्क्रू. बोर्डाला पत्र्याचा हीटसिंक असेल, तर त्याच्या आतल्या पट्टीवरची पारदर्शक फिल्म सोलल्याशिवाय बसवू नका.

आता एसएमपीएसची २४ पिनांची मोठी वायर बोर्डाला, ८ पिनांची सीपीयूची वायर वरच्या डाव्या कोपऱ्यात. कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्ये, त्याला पीसीआयई लिहिलेली वायर. सीपीयूची वायर ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. एकमेकींच्या जागी जबरदस्तीने घुसवू नका. एचडीएमआय वायर कार्डाला लावा, बोर्डावर पॉवर स्विचच्या ज्या दोन पिना असतात त्यांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मॉनिटरवर कंपनीचं चिन्ह आलं, की सगळे भाग जिवंत आहेत. कॅबिनेटात बसवून मग बिघाड शोधण्यापेक्षा ही दहा मिनिटं फार स्वस्त पडतात.

काही दिसलं नाही तर घाबरू नका. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए (म्हणजे कार्ड), बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहिलाय तिथे अडलंय. डीरॅमचा पेटला तर एकच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. बऱ्याच वेळा ती नीट बसलेली नसते. डीडीआर५ चा पीसी असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहतेच. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, मध्येच बंद करू नका.

चाललं? मग कार्ड काढा आणि सगळं कॅबिनेटात न्या. मागची पत्र्याची पट्टी, म्हणजे आयओ शील्ड, सुटी असेल तर सर्वांत आधी ती. बोर्ड आत गेल्यावर आठवली तर सगळं परत बाहेर. बोर्डाखालच्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांशी जुळवा, आणि जिथे भोक नाही तिथली खुंटी काढा, नाहीतर ती मागून शॉर्ट करेल. स्क्रूच्या पिशवीत जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे असे दोन प्रकार असतात. आधी दोन बोटांनी फिरवून बघा, सहज फिरला नाही तर तो तिथला नाही. एसएमपीएस तळाला, खाली जाळी असेल तर पंखा खाली करून.

कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरी बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जातात, आणि तिथली अक्षरं वाचायला मोबाइलचा टॉर्चच लागतो. बोर्डाच्या पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पॉवर आणि रीसेटच्या वायरी उलट्या लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या नाही. दिवा पेटला नाही तर फिरवून लावा, एवढंच. कार्ड परत बसवताना मागे स्क्रूने पत्र्याला आवळायला विसरू नका. पंखे कॅबिनेटला लावताना हवा कुठल्या दिशेने जाते ते बघा: ज्या बाजूला पंख्याच्या पात्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

पहिला दिवस

आधी बायोस. डिलीट कळ दाबत राहा. रॅमचं एक्सएमपी चालू करा, ते केल्याशिवाय ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत असते, आणि कित्येक लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात. रिसायझेबल बार चालू. सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग चालू. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर व्हॅनगार्डही टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतं. हे आधीच केलं की नंतर ‘गेम उघडत नाही’ म्हणून फोन करावे लागत नाहीत.

विंडोजचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच बनवा, ८ जीबीचा पुरतो. त्याच पेनड्राइव्हवर बोर्डाचा लॅन किंवा वाय-फायचा ड्रायव्हर टाकून ठेवा. विंडोज ११ बसवताना इंटरनेट मागतं, आणि ड्रायव्हर नसेल तर तुम्ही तिथेच अडकता. दुकानदार ‘क्रॅक टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. अ‍ॅक्टिव्हेट न केलेलं विंडोजसुद्धा गेम चालवतं, फक्त कोपऱ्यात एक ओळ दिसते आणि वॉलपेपर बदलता येत नाही. लिनक्सवर बहुतेक स्टीम गेम आज चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही.

विंडोज बसलं की चिपसेटचा आणि कार्डाचा ड्रायव्हर थेट कंपनीच्या साइटवरून. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः निवडा. १४४ चा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारे कमी नाहीत. आणि मॉनिटरची वायर कार्डाच्या पाठीला आहे ना, बोर्डाच्या नाही, हे पुन्हा एकदा वाकून बघा.

त्या रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. एक जरी दिसली तरी रॅम परत. दुसऱ्या दिवशी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडं ठेवून तासभर तुमचा सर्वांत जड गेम खेळा. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, खेळताना तो ८० च्या खाली राहिला तर छान. कार्ड ८० च्या आत आणि त्याचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सर्वांत गरम जागा, नव्वदीत असला तरी चालेल. प्रोसेसर चालू करताच नव्वदीला भिडत असेल, तर कूलरचा एखादा कोपरा सैल आहे.

दुकानाची बदलून देण्याची मुदत अनेकदा आठवडाभराचीच असते. म्हणून ही तपासणी पहिल्या दोन दिवसांतच उरका, आणि तोवर एकही खोकं रद्दीत घालू नका. कार्डाचं आणि बोर्डाचं खोकं तर वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. सर्व्हिस सेंटरला पाठवताना तेच लागतं, आणि दोन-तीन वर्षांनी कार्ड विकायला काढलंत तर खोकं आणि बिल असलेल्या कार्डाला हजार-दोन हजार जास्त मागता येतात.